कॉफीची वाइन मुरेपर्यंत

आमच्या घरात कॉफी कुणी पीत नसे. सकाळचा आल्याचा चहा, पप्पा कामावर निघताना उभ्याउभ्या घ्यायचे तो अर्धा कप, दुपारी आईचा एकटीचा आणि संध्याकाळी पुन्हा सगळ्यांचा, असं ते चहाचं घर होतं. तरीही ओट्यावरच्या कपाटात, साबुदाण्याच्या डब्यामागे, कॉफी पावडरीची दोन मोठी पाकिटं पडून होती. आदल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कूर्गला गेलो होतो, तिथून आणलेली. तिथे ज्या बाईंच्या घरी उतरलो होतो, त्यांच्या जेवणाच्या खोलीत भिंतीला लागून बाटल्यांची रांग होती. आल्याची वाइन, विड्याच्या पानांची, आवळ्याची आणि कॉफीची. सगळी घरी केलेली. आईला कुठेही गेलं की कृती विचारायची सवय. लग्नात आचाऱ्याला विचारेल, बसमध्ये शेजारच्या बाईला विचारेल. दारूचं नाव काढलं की तिच्या कपाळावर आठी पडायची, पण त्या बाईंनी कॉफीच्या वाइनचा विषय काढला तेव्हा ती खुर्ची ओढून बसली आणि पाणी किती, साखर किती, यीस्ट कधी घालायचं, किती मुरवायचं, सगळं विचारून घेतलं. एक घोटही घेतला. "छान लागते की," म्हणाली आणि लाजली. पप्पांनी अख्खा पेला संपवला आणि हसले, "नंदा, ही काय दारू आहे का? सरबत आहे हे."

आठवणी लिहायला बसावं असं माझं वय नाही, असं आई म्हणते. बरोबर आहे तिचं. मी अजून तिशीलाही आलेली नाही. पण त्या एका उन्हाळ्यापुरतं मला लिहून ठेवायचं आहे, कारण आता तो फक्त तिला आणि मला ठाऊक आहे. पप्पा नाहीत.

आम्ही तेव्हा नवी मुंबईजवळच्या उलव्यात नवीन राहायला आलो होतो. आमच्या बिल्डिंगचे निम्मे फ्लॅट रिकामे, समोरच्या बिल्डिंगला अजून खिडक्याही बसलेल्या नव्हत्या आणि पलीकडे विमानतळासाठी डोंगर फोडायचं काम चाललेलं. दिवसा सुरुंग उडाला की कपाटातली भांडी किणकिणायची आणि आई सवयीने हात नेऊन वरचा डबा धरायची. आता तिथून विमानं उडतात. तेव्हा नुसती धूळ होती. रोज पुसलं तरी टीव्हीवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी. पप्पा उरणजवळ द्रोणागिरीच्या एका गोदामात सुपरवायझर होते. कंटेनर आला की माल उतरवून घ्यायचा, गेला की भरून द्यायचा. उन्हातान्हात उभं राहून ट्रक मागे घ्यायला लावण्यात त्यांचा दिवस जायचा, त्यामुळे घरी बोलतानाही त्यांचे हात हलत राहायचे.

संध्याकाळी घरी आले की आधी अंघोळ. मग स्वच्छ बनियन घालून ते बाल्कनीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे. बाटली, पाण्याचा तांब्या आणि स्टीलचा पेला ते स्वतः घ्यायचे. आई त्याला हात लावायची नाही. ती फक्त शेंगदाणे भाजून द्यायची, कांदा चिरून, लिंबू पिळून. कधी माझी आजी अलिबागहून सुके बोंबील पाठवायची, ते तव्यावर भाजले की वास जिन्यापर्यंत जायचा. पप्पा दोन पेले घ्यायचे. निदान आम्ही दोन मोजायचो. आवाज कधी चढला नाही, शिवी कधी तोंडात आली नाही. उलट त्या वेळी ते जास्त मऊ बोलायचे. मला जवळ बोलवून "मनू, आज काय शिकलीस सांग," म्हणायचे आणि मी रसायनशास्त्रातलं काहीबाही सांगत बसायचे. मग जेवण आणि झोप. आमच्या घरात दारूवरून भांडण झालं नाही, त्यामुळे दारू हा आमच्या घरातला प्रश्न आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही. प्रश्न दुसऱ्यांच्या घरात होता, जिथे माणसं मारझोड करतात.

माझी बारावीची परीक्षा संपली आणि लगेच सगळं बंद झालं. पहिले काही दिवस मजेचे गेले. सुरुंग थांबले. इतकी शांतता झाली की खाडीच्या बाजूने पक्ष्यांचा कलकलाट घरात ऐकू यायला लागला. गोदाम चालू होतं, पण माणसं निम्मीच बोलवत होते. पप्पांना महिनाभर घरी बसायला सांगितलं. दारूची दुकानं बंद झाली तेव्हा आईने माझ्याकडे बघितलं, पण बोललं कुणीच नाही, कारण माळ्यावर खोकं होतं. कराडकडे पप्पांच्या पुतण्याचं लग्न ठरलं होतं आणि हळदीच्या रात्रीची सोय बघायचं काम पप्पांनी हौसेने अंगावर घेतलं होतं. लग्न पुढे गेलं. खोकं आमच्याकडेच राहिलं. पुतण्याच्या हळदीची दारू पप्पा रोज संध्याकाळी एकटे बाल्कनीत बसून पीत होते आणि समोर एक माणूस रस्त्यावर दिसत नव्हता.

टाळेबंदी वाढली. पुन्हा वाढली. पप्पा स्टुलावर चढून माळ्यावर हात घालायचे तेव्हा आतून बाटल्यांचा आवाज यायचा. तो आवाज दिवसेंदिवस पोकळ होत गेला. त्यांनी पेला अर्धा भरायला सुरुवात केली. मग पाणी जास्त घालायला लागले. सकाळी दाढी करताना हनुवटीवर कापायला लागलं. चहाचा कप बशीवर ठेवताना खडखडायचा, म्हणून ते बशी घेईनासे झाले. घरात सगळा दिवस सोबत काढताना पहिल्यांदाच आम्हाला सकाळचे पप्पा दिसत होते, आणि ते आमच्या ओळखीचे नव्हते.

एका दुपारी आईने साबुदाण्याचा डबा बाजूला केला आणि कॉफीची पाकिटं ओट्यावर ठेवली.

"मनू, तू त्या पिझ्झासाठी यीस्ट आणलं होतंस ना? आहे का थोडं?"

"आहे. कशाला?"

तिने बाल्कनीकडे बघितलं. पप्पा खुर्चीत बसून होते, मांडीवर दोन्ही हात एकावर एक दाबून.

"त्यांची संपली की काय करायचं?" ती म्हणाली. "द्राक्षं तर कुठे मिळत नाहीत. ही आहे घरात."

मला हसू आलं. माझी आई, जी तीर्थ घेतानासुद्धा तळहात पुसून घ्यायची, ती वाइन करायला निघाली होती. पण ती हसत नव्हती. तिने पातेल्यात पाणी उकळत ठेवलं होतं.

मग आम्ही तिघांनी मिळून ती केली. पप्पा बाल्कनीतून उठून आले आणि ओट्याला टेकून उभे राहिले. दोन्ही पाकिटं उकळत्या पाण्यात गेली आणि त्या वासाने सगळं घर अनोळखी झालं, कुणा दुसऱ्यांच्या घरी गेल्यासारखं. आईने कूर्गच्या बाईंचं बोलणं आठवत आठवत साखर घातली, लिंबं पिळली, बेदाणे ठेचून टाकले. (हे लिहिताना मी तिला विचारलं तर म्हणाली, "मनुके होते. काळे. बेदाणे कुठे होते तेव्हा घरात?" तर मनुके.) गार झाल्यावर तिच्या जुन्या सुती ओढणीतून गाळून आम्ही ते पाच लिटरच्या पाण्याच्या कॅनमध्ये भरलं. मी कोमट पाण्यात यीस्ट कालवून ओतलं. हवा बाहेर जायला हवी पण बाहेरची आत यायला नको, म्हणून कॅनच्या तोंडावर फुगा चढवायचा आणि त्याला टाचणीने भोक पाडायचं, हे मी मोबाइलवर बघून ठेवलं होतं. वाढदिवसाच्या पिशवीत एक लाल फुगा सापडला. पप्पांनी तो चढवायला घेतला, पण त्यांची बोटं फुग्याचं तोंड ताणून धरूच शकली नाहीत. रबर दोनदा सुटलं. तिसऱ्यांदा आईने त्यांच्या हातातून फुगा घेतला, अगदी सहज, जणू तिलाच ते करायचं होतं.

"किती दिवस?" पप्पांनी विचारलं.

"त्या बाई म्हणाल्या होत्या, दोन-तीन महिने मुरली की छान होते."

पप्पांनी कॅनवर हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी फुगा तसाच लोळत होता. त्याच्या पुढच्या दिवशीही. यीस्ट जुनं होतं, मेलेलं. पप्पा सकाळी उठले की आधी स्वयंपाकघरात यायचे, ओट्याखाली वाकून बघायचे आणि परत जायचे. शेवटी मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, पाव करायचा आहे, कुणाकडे यीस्ट आहे का. त्या दिवसांत सगळेच पाव करत होते, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. सहाव्या मजल्यावरच्या एका काकूंनी कागदात बांधलेली पुडी लिफ्टच्या जमिनीवर ठेवून लिफ्ट खाली पाठवली. लिफ्टचं दार उघडलं तर आत माणूस नाही, नुसती ती पुडी. मी ती सॅनिटायझरने पुसून घरी आणली.

या वेळी संध्याकाळपर्यंत फुगा उभा राहिला. लाल, ताठ, छोट्या मुलाच्या डोक्याएवढा. कॅनला कान लावला की आत चुरचुर ऐकू यायची. पप्पा जमिनीवर मांडी घालून बसले आणि मलाही बसवलं. "हे काय होतंय आत? सांग की, तू सायन्सवाली ना?" मी त्यांना सांगितलं की यीस्ट साखर खातं, तिची दारू होते आणि हवा बाहेर पडते. "म्हणजे ते जिवंत आहे?" "हो पप्पा." त्यांना त्याचं फार कौतुक वाटलं. ते दिवस आमच्या घरातले किती चांगले दिवस होते, हे सांगायला आजही अवघड वाटतं. आई पोळ्या लाटायची, पप्पा खाली बसून फुग्याकडे बघत लसूण सोलायचे, मी कॅन हळूच हलवून ठेवायचे. आम्ही तिघं एका कामात होतो. माझ्या लहानपणी असं कधी झालं नव्हतं. आणि माळ्यावरच्या खोक्यात तेव्हा शेवटची बाटली उरली होती.

ती संपली त्या संध्याकाळी पप्पांनी बाटली उलटी धरून पेल्यावर बराच वेळ ठेवली. मग ती धुऊन, पुसून, खिडकीत ठेवली. "चला, सुटलो एकदाचा," म्हणाले. आईने त्या दिवशी गोडाचा शिरा केला. मला वाटलं, सुटले.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून त्यांना घाम यायला लागला. पंखा चालू असताना बनियन पिळून काढावं इतका. हात थरथरत होतेच, आता जीभही थरथरायला लागली. जेवण तोंडात जात नव्हतं. रात्रभर ते घरात फिरत राहिले. सकाळी मला म्हणाले, "मनू, भिंतीवर मुंग्या किती झाल्यात बघ." भिंत पांढरी होती. मुंगी एकही नव्हती. मी म्हटलं, "हो पप्पा, मुंग्यांचा खडू आणते."

आईने नेरुळच्या आमच्या जुन्या डॉक्टरांना फोन लावला. स्पीकरवर ठेवला, म्हणून मी ऐकलं.

"ताप आहे? खोकला?"

"नाही हो. थरथरतायत नुसते. कायकाय दिसतंय त्यांना."

"रोज घेत होते?"

"थोडीशी. दोन पेले."

"वहिनी, किती वर्षं?"

आईने माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे. "लग्नाआधीपासून असेल."

"असं एकदम तोडणं धोक्याचं असतं. फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. त्यांना अ‍ॅडमिट करायला हवं. पण आत्ता कोण घेईल सांगता येत नाही, सगळीकडे कोविडचेच पेशंट आहेत. मी गोळ्या लिहून पाठवतो, मिळाल्या तर बघा. आणि घरात थोडीफार असेल तर तोवर थोडी थोडी द्या."

"द्या?" आई म्हणाली. "दारू द्या?"

"हो. औषध म्हणून."

गोळ्या उलव्यात मिळाल्या नाहीत. औषधाच्या दुकानातल्या माणसाने मोबाइलवरची चिठ्ठी बघून मान हलवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला बोलावलं. मी परत आले तेव्हा आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती, कॅनसमोर. फुगा अजून ताठ होता. वाइन व्हायला सुरुवात होऊन जेमतेम आठवडा झाला असेल.

"ही झाली असेल का गं थोडी?" तिने विचारलं. "थोडी तरी?"

मी फुग्याची कड जराशी उचलून कॅन कलता केला आणि बोटावर आलेला थेंब चाखला. गोड, आंबूस, पावाच्या पिठासारखं काहीतरी आणि मागे कडू कॉफी. "थोडी असेल," मी म्हटलं. मला खरंच माहीत नव्हतं. मी सायन्सवाली होते, पण मला काहीच माहीत नव्हतं.

आईने फुगा काढला. उरलेली हवा फुस्स करून निघून गेली. तिने चहाच्या गाळणीने ते गढूळ पाणी पप्पांच्या स्टीलच्या पेल्यात गाळलं. इतक्या वर्षांत तिने त्यांचा पेला भरला नव्हता. पेला घेऊन ती बेडरूमपर्यंत गेली, दारात थांबली, पदराने त्याचा काठ पुसला आणि मग आत गेली. त्यांना स्वतःला धरता येत नव्हता. तिनेच ओठाला लावला. लहान मुलाला औषध पाजतात तसं, दुसरा हात हनुवटीखाली धरून.

तासभर त्यांना बरं वाटलं. ते उशीला टेकून बसले, आईला "चांगली जमलीय" असंही म्हणाले. मग आणखी मागितली. तिने दिली. आणखी मागितली. ती "थांबा, जरा वेळाने" म्हणाली तर त्यांनी तिचा हात धरला आणि रडायला लागले. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. "नंदा, दे गं. पाया पडतो तुझ्या." आई म्हणाली, "असं नका ना बोलू, पोरगी आहे इथे," आणि उठून पेला भरून आणला. दिवसभरात अर्धा कॅन गेला. त्यात दारू किती होती कुणास ठाऊक, पण कॉफी भरपूर होती, दोन अख्ख्या पाकिटांची, आणि हे आमच्या दोघींच्या ध्यानातच आलं नव्हतं. आम्ही तिच्याकडे वाइन म्हणूनच बघत होतो. त्यांची छाती धडधडायला लागली. मानेची शीर उडताना दिसत होती. डोळे टक्क उघडे. झोप तर आधीच उडाली होती. मग उलट्या झाल्या, काळ्या, आणि आम्हाला वाटलं रक्तच पडलं. आईने बादली धरली होती आणि ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मीच दिली ना ही. मीच दिली."

सकाळी उन्हं आत आली तेव्हा पप्पा पलंगावर उठून बसले होते. दोन्ही हात डोक्यावर नेऊन ते ट्रकला खूण करत होते. "येऊ दे, येऊ दे. रिव्हर्स. अजून. अजून." मी म्हटलं, "पप्पा, इथे ट्रक नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि चिडून म्हणाले, "बाजूला हो ना, चिरडली जाशील." मग त्यांचं अंग एकदम ताठ झालं.

फिट किती वेळ होती मला सांगता येणार नाही. आईने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. मी रुग्णवाहिकेला फोन लावत होते आणि पलीकडून आजाराबद्दलची तीच ती सूचना वाजत होती, हात धुवा, अंतर ठेवा. मग आईला तुंगेकरकाका आठवले. ते पप्पांच्याच गोदामात होते, उरणच्या बाजूच्या गावातले, पप्पांचे जुने दोस्त. गोदाम चालू असल्याने त्यांच्याकडे गाडीचा पास होता. "आलो, वहिनी," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला आणि खरंच थोड्या वेळात बिल्डिंगखाली गोदामाची गाडी उभी राहिली.

पप्पांना खाली नेताना लिफ्टमध्ये आई, तुंगेकरकाका, मी आणि मधे ते, खुर्चीवर बसवलेले, मान एका बाजूला कललेली. गेटजवळ सेक्रेटरी उभे होते, मास्कवर हात दाबून. "ताप आहे का? वहिनी, खरं सांगा, बिल्डिंग सील होईल." तुंगेकरकाका म्हणाले, "ताप नाय हाय, साहेब. दरवाजा धरा जरा." सेक्रेटरींनी दरवाजा धरला नाही. वर बाल्कन्यांमध्ये माणसं उभी होती. माझी मान वर गेली तशा दोन खिडक्या बंद झाल्या. मी त्यांना दोष देत नाही. त्या दिवसांत सगळेच आपापल्या घरात तसे उभे होते.

खाडीपुलाजवळ पोलिसांनी अडवलं, आत डोकावून बघितलं आणि सोडलं. पहिल्या हॉस्पिटलच्या गेटवरच सांगितलं की फक्त कोविडचे पेशंट घेतो. आई म्हणाली, "मग कोविडच समजा, पण घ्या हो." तिथल्या माणसाने हात जोडले. दुसरं एक लहान नर्सिंग होम होतं, तिथे एक डॉक्टरीणबाई पायापासून डोक्यापर्यंत प्लास्टिकमध्ये गुंडाळून बाहेर आल्या. त्यांनी पप्पांच्या डोळ्यांत बॅटरी मारली, आईला दोन प्रश्न विचारले आणि स्ट्रेचर मागवलं. सोबत एकालाच आत यायची परवानगी होती. आई गेली. काचेचं दार बंद झालं.

मी आणि तुंगेकरकाका गाडीत बसून राहिलो. ऊन चढलं, उतरलं. मी बाटलीतलं पाणी त्यांना देऊ केलं, तर म्हणाले, "तू पी पोरी. माजा रोजा हाय." मला लाज वाटली, पण तहानही लागली होती. मी तोंड फिरवून प्यायले. बऱ्याच वेळाने मी म्हटलं, "काका, दोन पेल्यांनी असं होतं का हो माणसाचं?"

ते स्टिअरिंगकडे बघत राहिले.

"दोन नव्हते, पोरी. दुपारच्याला पन लागायची त्याला. सकाली आला का थर्मासमध्ये असायची."

"थर्मासमध्ये आई चहा द्यायची."

"चहा वॉचमन प्यायचा." मग म्हणाले, "आमी सगल्यांनी सांभालला त्याला. ट्रक मागं घेताना मी बाजूला हुभा र्‍हायचो. लय चांगला मानूस हाय तुजा बाप. कोनी सायबाला बोललं नाय कधी. बोलाया पायजे व्हतं का काय, ते आता समजत नाय मला."

सूर्य खाली गेला तेव्हा त्यांनी गाडीच्या कप्प्यातून खजुराची डबी काढली. ओठांत काहीतरी पुटपुटले, एक खजूर तोंडात टाकला आणि डबी माझ्यापुढे धरली. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं. आम्ही दोघं खजूर खात त्या काचेच्या दाराकडे बघत बसलो. आतला पांढरा दिवा लागला होता. आईची सावली एकदा दिसली आणि गेली.

पप्पा वाचले. आठवड्याने घरी आले तेव्हा त्यांचा शर्ट खांद्यावरून लोंबत होता. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं की लिव्हर बरंच खराब झालंय, यापुढे थेंबही नको, सगळं उघडलं की व्यसनमुक्तीच्या केंद्रात न्या. पप्पांनी मान डोलावली होती. खरंच सोडायची होती त्यांना, यावर मी कधी शंका घेतली नाही. आई आणि मी त्यांना घेऊन घरात आलो तेव्हा ओट्याखाली तो कॅन तसाच होता, अर्धा. त्या आठवड्यात गाळ खाली बसून वरची वाइन नितळ झाली होती, लालसर तपकिरी, अगदी कूर्गच्या बाईंच्या बाटलीत होती तशी. आईने तो उचलून बाथरूममध्ये नेला आणि ओतला. नळ सोडून बराच वेळ उभी राहिली. पप्पा हॉलमध्ये बसून पाण्याचा आवाज ऐकत होते.

त्यानंतरचे दिवस आम्ही तिघांनी फार जपून काढले. आई ताक करायची, नाचणीचं आंबील करायची, संध्याकाळी बाल्कनीतली खुर्ची आत घ्यायची. पप्पा कमी बोलायचे. त्यांना झोप यायला लागली होती. कप पुन्हा बशीवर ठेवता यायला लागला आणि आईने ते बघितलं तेव्हा ती देवघरासमोर जाऊन नुसती उभी राहिली. मी मनात ठरवून टाकलं होतं की झालं, संपलं.

मग दारूची दुकानं उघडल्याची बातमी आली. सकाळी टीव्हीवर रांगा दाखवत होते. आईने चॅनल बदललं. दुपारी जेवण झाल्यावर पप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला, आईने शिवलेला कापडी मास्क लावला आणि "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणाले. दार ओढलं गेलं. आई ताटं घासत होती. तिचा हात थांबला.

"तू जा," ती म्हणाली. "तुझं ऐकतात."

"तू पण चल ना."

"नाही गं. मला नाही बघवणार."

दुकान आमच्या सेक्टरच्या टोकाला होतं. रांग तिथून वळून बंद शाळेच्या भिंतीपर्यंत आली होती. रस्त्यावर खडूने वर्तुळं काढली होती आणि प्रत्येक वर्तुळात एक माणूस. पप्पा शेवटून तिसरे होते. पाठमोरे, मान बारीक झालेली, शर्टाची कॉलर नीट बसवलेली. मी धावत जाऊन त्यांच्या बाजूला उभी राहिले.

"पप्पा, चला."

ते दचकले नाहीत. "तू कशाला आलीस उन्हात?"

"घरी चला ना. आई वाट बघतेय."

"हो. येतो."

"आत्ता चला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मास्कच्या वर फक्त डोळे होते, आणि त्यात इतकी लाज होती की मीच मान खाली घातली. मी त्यांचा हात धरला. तो थरथरत नव्हता. तो चांगला, कोरडा, गरम हात होता, आणि त्याने माझा हात घट्ट धरून ठेवला, पण पाय वर्तुळातून हलले नाहीत. मी ओढलं. मग पुन्हा ओढलं. ते तसेच उभे.

मागचा माणूस म्हणाला, "ओ ताई, लायनीत यायचं तर मागे जा."

"मी मुलगी आहे यांची," मी म्हटलं.

पुढे कुणीतरी पिशवी घेऊन बाहेर पडलं आणि रांग हलली. पप्पांनी माझा हात सोडला, एक पाऊल टाकून पुढच्या वर्तुळात गेले आणि वळून बघितलं, मी आहे का ते. मी त्यांनी सोडलेल्या वर्तुळात जाऊन उभी राहिले. मागचा माणूस आपल्या वर्तुळातच थांबला.